निळा कागद

पोस्टाचा जिना उतरताना, वरून चौथ्या पायरीवर, मागून आलेल्या एका चांगल्या घरच्या दिसणाऱ्या माणसानं कशावरूनबाईंना खांद्यानं ढकललं, आणि त्या तीन पायऱ्या खाली येऊन बसल्या. पडल्या म्हणावं तर हात कठड्याला होता. बसल्या म्हणावं तर सकाळी सव्वानऊला पोस्टाच्या जिन्यात आपण होऊन कोण बसतं? माणूस थांबला नाही. आवाजही चढवला नाही त्यानं. शेजाऱ्याला किती वाजले ते सांगावं तसं म्हणाला, "कडेनं चालावं. हा जिना तुमच्या लोकांसाठी बांधलेला नाही." आणि उतरून गेला. त्याच्या हातात जाळीची पिशवी होती, पिशवीत कांदे होते, आणि कांद्यांच्या वर, फुटू नये म्हणून बेतानं ठेवलेला, नव्या बल्बचा खोका होता. न्हाव्यानं नुकतीच साफ केलेली मान. टाचेशी न झिजलेले बूट. गुडघा खरचटला होता, मनगटावरच्या घड्याळाची काच कठड्यावर आपटून तडकली होती, आणि बाईंच्या मनात मात्र पहिल्यांदा आलं ते हे, की हा बल्ब आता कुठल्या खोलीत लावणार असेल? जित्याची खोड, दुसरं काय. मनात हे आलं. तोंडातून दुसरंच गेलं. त्या साफ केलेल्या मानेकडे बघत त्या मोठ्यानं म्हणाल्या, "अहो, मी पलीकडची नाही हो!" मानेनं ऐकलं नाही. ऐकलं ते जिना चढत येणाऱ्या एका बाईनं. तिच्या डोक्याला रुमाल होता, हनुवटीखाली गाठ मारलेला, पलीकडच्या बायका मारतात तशी. ती वाकली, बाईंची घरंगळलेली पिशवी तिनं उचलली, तळाची धूळ हातानं झटकली, पिशवी बाईंच्या मांडीवर ठेवली आणि एक शब्द न बोलता वर निघून गेली.

पलीकडचे म्हणजे नदीपलीकडून दोन पिढ्यांपूर्वी आलेले लोक. नदीवर आता तीन पूल झाले, त्यांची नातवंडं इथल्याच शाळांत इथलेच धडे घोकून मोठी झाली, तरी ती पलीकडचीच राहिली. बाई अलीकडच्या. सात पिढ्या अलीकडच्या. आज त्यांच्याही डोक्याला तसाच रुमाल होता तो कानासाठी: डावा कान तीन दिवस ठणकत होता, नवऱ्यानं सकाळी कोमट तेल घालून वर कापूस कोंबला होता आणि 'वारा लागू देऊ नकोस' म्हणून स्वतःचाच तपकिरी रुमाल डोक्यावरून घेऊन हनुवटीखाली बांधून दिला होता. आरशात बघून दोघंही हसली होती. त्या रुमालाच्या आत बाईंची बावीस वर्षांची नोकरी होती, पण ती बाहेरून कशी दिसणार? एका समाजसंस्थेत त्या ही नोकरी करत होत्या, आणि ती अशी होती: पलीकडच्या कुणाला, पलीकडचा आहे म्हणून, कुणी मारलं, दुकान मोडलं, घरावर काही लिहिलं, तर त्याचं कथन लिहून घ्यायचं. छापील पत्रकात चौदावा प्रश्न बाईंनी स्वतः घातलेला. 'तुम्ही कोण आहात म्हणूनच हे झालं, असं तुम्हाला कशावरून वाटतं?' समोरचा रडत असो, थरथरत असो, बाई चष्मा वर सरकवून मऊ आवाजात विचारायच्या, "कशावरून?" त्यावरून हे नाव पडलं होतं. दारावरच्या पाटीवर खरं नाव होतं, पण ते टपालवाल्याखेरीज कुणी वाचत नसे.

आणि उद्या सुनावणी होती. कायदेमंडळाच्या समितीपुढे संस्थेचा मसुदा जाणार होता. माणूस कोण आहे एवढ्याच कारणानं त्याच्यावर हात टाकला, तर तो निराळा गुन्हा धरावा, त्याला शिक्षा जास्त असावी, आणि पोलिसांनी 'आपसातली बाचाबाची' असं लिहून वही मिटू नये, अशी ती मागणी होती. अकरा वर्षं या मागणीनं दारं ठोठावली होती. यंदा दार किलकिलं झालं ते एका कलमामुळे. समितीतल्या संशयी माणसांना भीती होती, की उद्या कुणीही उठेल आणि कुणावरही असा आरोप करील. त्यांचं तोंड बंद करणारं सातवं कलम बाईंच्या पद्धतीवरूनच उचललेलं होतं. बाई प्रत्येकाला दोनदा बोलवत. पहिल्या दिवशीचं कथन पांढऱ्या कागदावर. आठ दिवसांनी तेच सारं पुन्हा पहिल्यापासून विचारायचं आणि निळ्या कागदावर लिहायचं. मग दोन्ही कागद पाठीला पाठ लावून टाचायचे, ओळीला ओळ ताडून बघायची. जुळलं तर 'जुळतं' असा शिक्का. नाही तर 'जुळत नाही', आणि तो गठ्ठा लोखंडी कपाटाच्या तळच्या खणात. मसुद्यात हेच होतं: आठ दिवसांच्या अंतरानं दोन कथनं, आणि दोन्ही जुळली तरच तो निराळा गुन्हा. समितीतले दोन सभासद तर म्हणाले होते, की बाकीचं राहू द्या, सातव्या कलमासाठी आम्ही हात वर करतो.

बाई लंगडत कचेरीत पोचल्या तेव्हा वकीलबाई दाराकडे पाठ करून मसुद्यातले स्वल्पविराम मोजत बसली होती. बाई म्हणण्यासारखी ती नव्हती, जेमतेम तिशीची, पेन्सिलीचं मागचं टोक चावून चावून तिनं त्याचा ब्रश करून टाकला होता. पण काळा कोट चढवला की तिला वकीलबाईच म्हणावं लागे. "ताई, गुडघ्याला काय झालं?" तिनं विचारलं. कशावरूनबाई म्हणाल्या, "पाय घसरला गं. पोस्टाचा जिना." आणि रुमाल सोडून, घडी करून, खणात ठेवला. खण बंद केल्यावर त्यांना स्वतःचंच नवल वाटलं. खोटं बोलायचं काही कारण नव्हतं. उलट याच खोलीत, याच पोरीपुढे, हे सांगायला हवं होतं. ती खुर्चीवरून उडाली असती, 'उद्या हेच सांगू' म्हणाली असती. मग? बाईंनी टेबलावरची टाचणी उचलली, परत ठेवली. लाज वाटली का? कसली? ढकललं त्यानं, लाज त्याला वाटायची. पण तो तर बल्ब घेऊन घरी गेला होता, स्टुलावर चढून बल्ब फिरवून बसवत असेल, खालून कुणीतरी स्टूल धरलं असेल. लाज इथं राहिली होती, या खोलीत, खणात घडी करून. त्यांना चौदावा प्रश्न आठवला. कशावरून? त्यानं 'तुमच्या लोकांसाठी' म्हटलं यावरून. पण तेवढंच? खांदा लागण्याच्या आधी, पाठीमागे पावलांची गती बदलली होती. कुणी घाईत ओलांडून जाताना पावलं कडेला सरकतात. ही सरळ आली होती. हे त्यांच्या पाठीला कळलं होतं, कानात कापूस असून. पाठीला कळलेलं कुठल्या रकान्यात लिहितात? पत्रकात त्याला जागाच नव्हती, आणि पत्रक तर त्यांनीच काढलेलं.

दुपारी गुडघा सुजला तेव्हा त्या खालच्या औषधांच्या दुकानात गेल्या. औषधवाला ओळखीचा. मलमाची नळी पुढे करत त्यानं सहज विचारलं, "कशानं लागलं हो?" बाई म्हणाल्या, "कुणाचा तरी धक्का लागला. गर्दी होती." आणि नळी हातात घेऊन तशाच उभ्या राहिल्या. गर्दी नव्हती. जिन्यावर तीन माणसं होती: तो, त्या आणि ती. सकाळपासून दोनदा सांगून झालं होतं, आणि दोन्ही वेळा निराळं. पांढऱ्या कागदावर 'पाय घसरला', निळ्यावर 'धक्का लागला, गर्दी होती'. आठ दिवस कसले, मध्ये पुरते चार तासही गेले नव्हते. जुळत नाही. त्यांना हसूच आलं. औषधवाल्याला वाटलं, मलमाच्या नळीवर काही विनोदी लिहिलंय, म्हणून त्यानंही वाकून पाहिलं. मग 'गर्दी होती' हे दोन शब्द बाईंच्या जिभेवर पुन्हा आले, आणि ते आपले नाहीत, आपण ते कुणाकडून तरी ऐकलेत, असं त्यांना स्पष्ट वाटलं. कुणाकडून? मागे कधीतरी, कुणीतरी, असंच खाली बघत, असंच झटकून टाकल्यासारखं म्हटलं होतं. जिना चढताना गुडघ्यापेक्षा ते जास्त ठणकत होतं.

तळचा खण त्यांनी बऱ्याच वर्षांत उघडला नव्हता. त्यात दोनशे एक्याण्णव माणसं होती, सुतळीनं बांधलेली. वरच्या खणात एकशे त्रेसष्ट. हा हिशेब त्यांना तोंडपाठ होता, कारण तो अभिमानाचा होता. 'आमची गाळणी बारीक आहे,' असं त्या भाषणांत सांगत. जमिनीवर बसून, सुजलेला पाय लांब करून, त्यांनी गठ्ठे सोडले आणि निळे कागद तेवढे वाचत गेल्या. 'नीट आठवत नाही.' 'अंधार होता.' 'माझंच चुकलं असेल.' 'तो दारूच्या नशेत होता बिचारा.' 'गर्दी होती.' हा सापडला. मंडईच्या जिन्याखालचा घड्याळवाला, नऊ वर्षांपूर्वीचा. पांढऱ्या कागदावर बाईंच्याच अक्षरात: तिघे आले. एकानं नाव विचारलं. नाव सांगताच म्हणाला, पलीकडच्यांनी आमची वेळ बिघडवली. टेबल उलटं केलं. मी चाकं गोळा करायला हात जमिनीवर ठेवला, त्यावर एक जण बूट ठेवून उभा राहिला आणि बाकीच्या दोघांशी गप्पा मारू लागला. आणि निळ्यावर: काही बोलले नाहीत. गर्दी होती. कुणाचा तरी पाय पडला. खाली शिक्का. बाईंना तो दिवस आठवला. त्यांनी त्याला दोनदा विचारलं होतं, 'पण मागच्या खेपेला तुम्ही वेगळं म्हणाला होतात,' आणि तो म्हणाला होता, 'हे लिहा.' पट्टी बांधलेला हात त्यानं टेबलाखाली ठेवला होता. पुढे पोलिसांनी त्या तिघांना समज देऊन सोडलं होतं. त्या संध्याकाळी घरी जाताना बाई मनाशी म्हणाल्या होत्या, बरं झालं विचारलं, नाही तर फसलो असतो. मंडई कचेरीपासून चालत दहा मिनिटांवर. नऊ वर्षांत त्या कितीतरी वेळा तिथून भाजी घेऊन आल्या, पण जिन्याखाली बघायचं तेवढं टाळून. काखेत कळसा, आणि त्या अकरा वर्षं कायदेमंडळाला वळसे घालत होत्या.

"मी जरा काच बसवून येते," मनगट दाखवून त्या वकीलबाईला म्हणाल्या. घड्याळ चालू होतं, काचेला फक्त आडवा तडा. मंडईच्या जिन्याखाली तसंच टेबल होतं, वर तसाच वाकडा दिवा. घड्याळवाला डोळ्याला भिंग लावून एका उघड्या घड्याळात बघत होता. चिमटा डाव्या हातात. उजव्या हाताची तीन बोटं सरळ राहिली होती, त्यांच्याखाली त्यानं फडकं दाबून धरलं होतं. भिंग न काढताच म्हणाला, "या बाई. बसा." मग भिंग काढलं. "गुडघा दुखावलाय." बाईंनी घड्याळ काढून दिलं. या वेळी त्या म्हणाल्या, "पोस्टाच्या जिन्यावर एकानं ढकललं मला. डोक्याला रुमाल होता म्हणून." तिसरं कथन. हे खरं होतं, आणि ते म्हणताना बाईंना कुणीतरी आपलं तोंड आपल्या हाती परत दिल्यासारखं वाटलं. घड्याळवाल्यानं 'कशावरून' विचारलं नाही. तडकलेली काच नखानं उचलत त्यानं विचारलं, "काय म्हणाला?" बाईंनी सांगितलं. त्यानं मान डोलावली. असं वाक्य त्याच्या ओळखीचं होतं. मग काचेच्या चकत्यांच्या डबीत मापाची काच शोधत, सहज, खाली बघत म्हणाला, "आणि तुम्ही काय म्हणालात?"

बावीस वर्षांत हा प्रश्न पत्रकात कुणाला सुचला नव्हता. बाईंच्या घशात वाक्य तयार होतं, सकाळचं, जसंच्या तसं, 'हो'सकट. त्यांना ती वाकलेली बाई दिसली, पिशवीच्या तळाची धूळ झटकणारा हात दिसला. मी पलीकडची नाही. म्हणजे काय, तर ढकला, पण नीट बघून ढकला. एवढाच अर्थ होता त्याचा. बावीस वर्षं माणुसकीच्या गोष्टी सांगून ऐन वेळी तोंडात आलं ते हे. घड्याळवाल्यानं वाट पाहिली, मग वर न बघता भिंग पुन्हा डोळ्याला लावलं आणि नवी काच खाचेत बसवायला घेतली. पुन्हा विचारलं नाही. बाईंनाच राहवलं नाही. "मी तुमचा गठ्ठा काढला आज," त्या म्हणाल्या. "नऊ वर्षांपूर्वी तुम्ही मला दोन वेगवेगळ्या गोष्टी सांगितल्यात. का?"

"पहिल्यांदा सांगितलं ते झालेलं सांगितलं."

"मग दुसऱ्यांदा?"

"दुसऱ्यांदा तुम्ही बोलावलंत," तो म्हणाला, आणि काचेवर अंगठा दाबून थांबला. "घरी सगळ्यांना सांगितलं होतं मी, की एका बाईनं सगळं लिहून घेतलंय. सगळ्यांना बरं वाटलं होतं. आठ दिवसांनी तुम्ही म्हणालात, पुन्हा पहिल्यापासून सांगा. मला वाटलं, पटलं नाही यांना. मग म्हटलं, न पटलेलं कशाला दोनदा सांगायचं? यांना काय पटेल, ते सांगून मोकळं व्हावं."

"पण मी तर सगळ्यांनाच दोनदा विचारते. ती पद्धत आहे."

"असेल," घड्याळवाला म्हणाला. "मला कुठं माहीत होतं? तुम्ही सांगितलं नव्हतंत." त्याच्या बोलण्यात राग नव्हता, बाईंनी शोधला तरी सापडला नाही. थोडं कुतूहलच होतं, एखाद्या घड्याळाची पाठ उघडल्यावर असतं तसं. "तुमचं तरी काय चुकलं? पोलिसांनीही दोनदाच विचारलं होतं. फक्त त्यांनी दोन्ही खेपांना लिहिलं नाही." त्यानं घड्याळ फडक्यानं पुसलं, कानाला लावून ऐकलं आणि परत दिलं. काच इतकी स्वच्छ होती की बाईंना क्षणभर ती नाहीच असं वाटलं.

दोनदा मोजायची ही खोड कुठून आली ते बाईंना पक्कं ठाऊक होतं. वडील जमीनमोजणी खात्यात होते. सुट्टीत ते तिला बरोबर नेत; साखळीचं एक टोक तिच्या हातात, दुसरं त्यांच्या. एका बांधापासून दुसऱ्या बांधापर्यंत मोजत जायचं आणि मग उलटं मोजत यायचं. 'एकदा मोजलं ते मोजलंच नाही,' वडील म्हणत. येतानाचा आकडा जातानाच्या आकड्याशी जुळला की त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरे, ते तिनं नंतर दुसऱ्या कुणाच्या चेहऱ्यावर पाहिलं नाही. लहानगी कशावरून तेव्हाही हेच विचारी: बाबा, हा बांध आपला कशावरून? आणि वडील न कंटाळता साखळी पुन्हा पसरत. त्यांच्यावर तिचा इतका जीव होता की पुढे माणसांची कामं हाती आली तेव्हा तीच साखळी तिनं माणसांवर टाकली, आणि त्यात काही चूक असेल असं तिच्या मनाला कधी शिवलं नाही. मंडईतून परतताना बाई फुटपाथच्या कडेकडेनं चालत होत्या. हे लक्षात आल्यावर त्या मुद्दाम मधून चालू लागल्या. दोन मिनिटांनी पुन्हा कडेला.

"कलम सात काढायचं," कचेरीत येऊन त्या म्हणाल्या, आणि वकीलबाईच्या तोंडातली पेन्सिल खाली पडली. "ताई, डोक्यावर तर नाही ना पडलात? अहो, उद्या सकाळी अकराला सुनावणी आहे! ते कलम काढलं तर ते दोघं उठून जातील. मग काय उरतं?" बाईंनी तळच्या खणाकडे बोट केलं. "ते उरतात," त्या म्हणाल्या. मग त्यांनी सांगितलं: जिना, खांदा, वाक्य, आणि सकाळी सांगितलं ते खोटं. शेवटचं, स्वतःचं वाक्य तेवढं पुन्हा राहिलं. पोरीचे डोळे भरून आले, ती उठून बाईंच्या शेजारी येऊन बसली, पण डोळे पुसता पुसता वकीलही जागी झाली. "ताई, तुम्ही उद्या म्हणालात की आमची पद्धत चुकली, तर ते म्हणतील, मग तुमची वरच्या खणातली एकशे त्रेसष्टही चुकीचीच. बावीस वर्षं पाण्यात जातील तुमची. झाकली मूठ झाकलेलीच राहू दे. आधी कायदा होऊ दे, मग सुधारू." हे सगळं खरं होतं. वकीलबाई हुशार होती. बाईंना तिचा राग आला नाही. तिच्या वयाच्या असत्या तर त्यांनीही हेच म्हटलं असतं. त्या फक्त एवढंच म्हणाल्या, की कायदा झाल्यावर गावोगावच्या चौक्यांत निळे कागद जातील, आणि प्रत्येक चौकीत कुणीतरी चांगला माणूस मऊ आवाजात म्हणेल, पुन्हा पहिल्यापासून सांगा. आज चूक एका कपाटात आहे. उद्या तिचा कायदा होईल.

संध्याकाळी नवऱ्यानं कानात तेल घालताना विचारलं, "गुडघ्याचं काय?" बाई उशीवर कूस वळवून, भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. त्यांनी सगळं सांगितलं. त्या बाईपर्यंत आल्या, पिशवीपर्यंत आल्या, आणि थांबल्या. नवरा शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेला, बायकोच्या थांबण्याचे नकाशे त्याला पाठ. "पुढे काहीतरी आहे," तो म्हणाला. "आहे," बाई म्हणाल्या. तो तेलाची वाटी घेऊन उठला. "तुझ्या बाबांच्या साखळीचं मला नेहमी एक वाटायचं," दारात थांबून म्हणाला, "जमीन कितीदाही मोजा, ती काही मनाला लावून घेत नाही." आणि रुमाल तुझ्या खणातच राहिला वाटतं, असं पुटपुटत दुसरा शोधायला गेला. बाई कापसाआडून त्याची पावलं ऐकत राहिल्या. ती दाराशी थांबली, कपाटाकडे वळली, कडेला सरकली; पाठीला सगळं कळत होतं. त्यांना रडावंसं वाटलं, पण रडूही कुणीतरी 'कशानं?' विचारील या धाकानं आतच राहिलं.

समितीची खोली लांबट होती, पाण्याचे पेले झाकलेले, खिडक्या बंद. टेबलाच्या टोकाला अध्यक्ष, पांढऱ्या भुवयांचे, सौजन्याचा पुतळा. बाजूच्या लहान टेबलाशी लघुलेखिका. बाई रुमाल बांधूनच आल्या होत्या, हनुवटीखाली गाठ. कान अजून दुखत होता, पण ते काही खरं कारण नव्हतं. दारावरच्या शिपायानं त्यांच्याकडे दोनदा ओळखपत्र मागितलं होतं. वकीलबाईचं प्रास्ताविक संपल्यावर अध्यक्ष प्रसन्नपणे म्हणाले, "तुमचं सातवं कलम आम्हाला सर्वांत आवडलं, बाई. त्याबद्दल दोन शब्द बोला." बाई उभ्या राहिल्या. "ते मी मागे घ्यायला आले आहे," त्या म्हणाल्या. वकीलबाईनं डोळे मिटले. एका सभासदानं हातातला पेला खाली ठेवला, आणि अध्यक्षांनी, अगदी निर्मळ मनानं, विचारलं, "ते चूक आहे असं तुम्हाला कशावरून वाटतं?"

बावीस वर्षांत हा प्रश्न टेबलाच्या या बाजूनं कसा ऐकू येतो ते बाईंनी कधी ऐकलं नव्हतं. त्यांनी सांगितलं. काल सकाळी सव्वानऊपासून सांगितलं. कांदे, बल्ब, पावलांची बदललेली गती. वकीलबाईला काय सांगितलं, औषधवाल्याला काय. तळच्या खणातली दोनशे एक्याण्णव, आणि त्यांत एक हात, ज्यावर उभं राहून एकानं बाकीच्या दोघांशी गप्पा मारल्या. दुसऱ्यांदा विचारलं की माणसाला वाटतं, पहिल्यांदाचं पटलं नाही. मग तो समोरच्याला पटेल ते सांगतो, आणि आम्ही त्यावर शिक्का मारतो. "पहिल्यांदा सांगितलेलं, सांगितलं तसंच लिहून घ्या," त्या म्हणाल्या. "शंका असेल तर ती पुराव्यानं फेडा, माणसाला पुन्हा उभं करून नाही. आणि मी काल काय म्हणाले, तेही लिहून घ्या, ते मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. त्यानं मला ढकललं, आणि मी त्याला ओरडून सांगितलं, अहो, मी पलीकडची नाही हो. माझी पिशवी उचलून देणाऱ्या बाईनं ते ऐकलं. तिला तर एवढंही म्हणायची सोय नव्हती."

पेला खाली ठेवलेला सभासद उठला, खुर्ची मागे सारून दाराकडे गेला, आणि दाराशीच उभा राहिला, गेला नाही. अध्यक्षांनी पांढऱ्या भुवया एकत्र आणल्या. त्यांच्या आवाजात खरोखरच आपुलकी होती. "नोंदीसाठी विचारतो, बाई," ते म्हणाले. "शेवटचं तेवढं पुन्हा एकदा सांगता का?"

इतक्या चांगल्या माणसानं इतक्या चांगल्या आवाजात विचारलं होतं, आणि तरी बाईंना ऐकू आलं ते एवढंच: पटलं नाही यांना. जिभेवर सगळं तयार होतं, एकामागून एक, रांगेत: तसं अगदी म्हणाले नाही. नीट आठवत नाही. पाय घसरला. गर्दी होती. किती सोपं होतं ते, किती लवकर सगळ्यांना घरी जाता आलं असतं! जिन्याखाली, वाकड्या दिव्यापाशी, तीन सरळ बोटांखाली फडकं दाबून कुणीतरी नऊ वर्षं वाट न बघता बसलं होतं. बाईंनी मनगटावर हात ठेवला. नवी काच गार लागली.

"नाही," त्या म्हणाल्या. "एकदा सांगितलंय मी."

अध्यक्ष काही बोलणार, तोच बाजूच्या लहान टेबलावरून, मान वर न करता, लघुलेखिका म्हणाली, "लिहिलंय मी, साहेब." आणि कागद उजेडाकडे धरून, सपाट आवाजात, तिनं वाचून दाखवलं: "'अहो, मी पलीकडची नाही हो.'" मग तिनं बाईंकडे पाहिलं. "बरोबर आहे?"

"जुळतं," कशावरूनबाई म्हणाल्या.